मारतो कोण : विषाणू की विलंब?

एड्सने माणूस दगावला असे म्हटले जाते, तेव्हा तो बहुधा थेट एचआयव्हीने दगावलेला नसतो. तो क्षयाने जातो, न्यूमोनियाने जातो, मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या बुरशीच्या संसर्गाने जातो. विषाणू गडाचा दरवाजा तेवढा उघडतो. आत शिरून घात करणारे शत्रू वेगळेच असतात. हे वास्तव समाजाला पुरेसे उमगलेले नाही आणि त्याची किंमत आजही प्राणांनी मोजली जात आहे.

शरीराच्या संरक्षणाची सूत्रे सीडी-४ या पांढऱ्या पेशींकडे असतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणतः ५०० ते १५०० असतात. विषाणू नेमका त्यांच्यावरच घाला घालतो. हा ऱ्हास अनेक वर्षे, ठळक लक्षणांवाचून चालतो. संख्या २००च्या खाली गेली की, एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जीवघेणे ठरतात. क्षय तर तेवढीही वाट पाहत नाही. भारतात कोट्यवधी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. बहुतेकांच्या बाबतीत ते आयुष्यभर डोके वर काढत नाहीत. पण प्रतिकारशक्ती ढळताच ते जागे होतात. अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू अनेकदा सापडत नाहीत, क्षय फुप्फुसांबाहेरही पसरतो आणि निदान हुकते.

यावर उपाय नाही काय? निश्चित आहे. १९८६ मध्ये मद्रासमध्ये देशातील पहिली लागण उघडकीस आली, तेव्हा वैद्यकशास्त्र हतबल होते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला आणि गरीब देशांना आशेचा किरण दिसला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. सीडी-४ची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले गेले. क्षयाला दूर ठेवणारी प्रतिबंधक औषधेही आहेत. नियमित उपचाराने विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

तरीही माणसे मरतात, कारण ती उशिरा येतात. उशीर झाला की औषधही आरंभी परीक्षा पाहते. सावरू लागलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या संसर्गावर एकाएकी तुटून पडते आणि रुग्णाची प्रकृती काही काळ अधिकच बिघडू शकते. मग ‘गोळ्या सुरू केल्या आणि माणूस गेला’ अशी कुजबुज होते. दोष गोळ्यांचा नसतो, गमावलेल्या वर्षांचा असतो.

ही वर्षे कोण हिरावून घेते? लोकलज्जा. रोग म्हणजे पापाचे फळ, असा निवाडा देणारा समाज रुग्णाला चाचणी केंद्राच्या पायरीवरूनच परत फिरवतो. पतीकडून लागण झालेल्या कितीतरी स्त्रियांना पतीच्या मृत्यूनंतर पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढण्यात आले. ज्यांचा काडीमात्र दोष नव्हता, त्यांनाच सर्वांत कठोर शिक्षा झाली. संयम आणि एकनिष्ठा ही मूल्ये मोलाचीच आहेत. परंतु त्यांच्या नावाने आजाऱ्याला वाळीत टाकणे हा धर्म नव्हे. रुग्णसेवा हा धर्म आहे.

नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई करणारा आणि रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण देणारा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. मात्र कायदा रुग्णालयाचे दार उघडू शकतो, घराचे नाही. ते कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनीच उघडायचे असते. ते वेळीच उघडले, तर गडाचा दरवाजा शत्रूसाठी उघडा राहणार नाही.