पांढऱ्या पाटीची जीप

नगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या एसटी स्टँडबाहेर उभी असलेली जीप भरल्याशिवाय हलत नाही. ‘सुपा, सुपा, नगर’ असा पुकारा चालू असतो. मधल्या सीटवर चौघं, मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून आठ जण, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि तरीही ‘मावशी, जरा सरकून घ्या’ म्हणत आणखी एकाला आत घेतलं जातं. माझी आई कित्येक वर्षं अशाच जीपने नगरला डोळे तपासायला जाते.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिची जीप एका वळणावर रस्ता सोडून चरात उतरली. आईचं मनगट मोडलं. तिच्या शेजारी बसलेल्या बाईंच्या पायात रॉड घालावा लागला. ड्रायव्हर पळून गेला नाही. दुसरी गाडी थांबवून त्यानेच सगळ्यांना दवाखान्यात पोचवलं. भरपाईची गोष्ट निघाली तेव्हा मात्र भावाच्या लक्षात आलं की गाडीची पाटी पांढरी आहे. म्हणजे कागदावर ती घरगुती वापराची गाडी. भाडं घेऊन माणसं बसवली की विम्याची अट मोडते आणि विमा कंपनी अंग काढून घेते. मग दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं लढवायचा. ‘आधी कंपनीने भरावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा आदेश कधीकधी मिळतोही, पण तो मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. त्या बाईंच्या घरच्यांनी दावा केलाच नाही. कोर्टाच्या तारखांना नगरला जायचं, तर तेही जीपनेच.

मला त्या ड्रायव्हरचा राग नाही. गाडीचा हप्ता आहे, घर आहे, आणि त्या रस्त्यावर दुसरं कोणी माणसं नेत नाही. राग आहे तो या गोष्टीचा की माझी आई कोणाच्या गाडीत बसते, हे पारनेरमध्ये सांगणं कोणाचंच काम नाही.

इथे इंग्लंडमध्ये ते कोणाचं काम आहे, हे आपण रोज पाहतो, फक्त त्याकडे लक्ष जात नाही. पुढच्या वेळी मिनीकॅबमध्ये बसताना गाडीच्या मागची पाटी नीट वाचा. त्यावर कौन्सिलचं नाव, परवान्याचा क्रमांक, किती प्रवासी बसवायचे तो आकडा आणि मुदत संपण्याची तारीख असते. चालकाच्या ओळखपत्रावर फोटो आणि त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. 1976 च्या कायद्याने लंडनबाहेरच्या इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलांना खासगी भाड्याच्या गाड्यांसाठी तीन वेगळे परवाने द्यायचा अधिकार दिला. एक गाडीचा, एक चालकाचा आणि एक बुकिंग घेणाऱ्या कंपनीचा. कंपनीला प्रत्येक बुकिंगची नोंद ठेवावी लागते. रस्त्यात हात दाखवून थांबवता येते ती टॅक्सी वेगळी. तिचा कायदा तर 1847 सालचा आहे. चालकाला परवाना देण्यापूर्वी कौन्सिलची खात्री पटावी लागते की हा माणूस या कामाला योग्य आहे. गुन्ह्याची नोंद तपासतात, वैद्यकीय तपासणी होते. तक्रार आली तर प्रकरण परवाना समितीपुढे जातं, आणि त्या समितीवर आपण निवडून दिलेले नगरसेवक बसतात. परवाना गेला तर चालकाला मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. ज्याच्या गाडीत गावाची मुलं आणि म्हातारी माणसं बसणार, त्याला गावाचे प्रतिनिधी समोर बसवून प्रश्न विचारतात.

हीच व्यवस्था झोपली की काय होतं, तेही या देशाने भोगलं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये रॉदरहॅम शहराबद्दलचा ‘जे अहवाल’ आला. 1997 ते 2013 या काळात तिथे किमान 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा त्याचा अंदाज होता, आणि त्यात टॅक्सीचालकांचा सहभाग ठळकपणे नोंदवला होता. पुढच्या वर्षी केसी अहवालाने कौन्सिलच्या परवाना विभागाचं अपयश उघड केलं. त्यानंतर तिथे नियम इतके कडक झाले की परवाना हवा तर गाडीत कॅमेरा बसवावाच लागतो. एक पळवाट मात्र अजून पुरती बुजलेली नाही. एका कौन्सिलचा परवाना घेऊन चालक दुसऱ्या शहरात धंदा करू शकतो. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पाट्या मँचेस्टरच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात, त्या याचमुळे. 2022 च्या कायद्याने नाकारलेल्या आणि रद्द केलेल्या परवान्यांची एकत्रित नोंद सगळ्या कौन्सिलांवर बंधनकारक केली, हे बरं झालं. पण अशा त्रुटी आहेत म्हणूनच इंग्लंडची पद्धत उचलून पारनेरला नेऊन ठेवा, असं मी म्हणत नाही. तिचा गाभा मात्र घ्यावा. प्रत्येक गाडीमागे जबाबदार असं एक कार्यालय, आणि ते कार्यालय प्रवाशाला चालत जाऊन गाठता येईल इतकं जवळ.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात भाड्याच्या गाडीला परमिट लागतंच. सहापर्यंत प्रवासी असतील तर मोटारकॅब, सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत असतील तर मॅक्सीकॅब. काळी-पिवळी जीप ती हीच. टॅक्सी चालवायला बिल्ला लागतो आणि त्यासाठी पोलीस चारित्र्य पडताळणी करतात. नव्या व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षांची. म्हणजे दिवसाला सहा-सात फेऱ्या मारणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या जीपचे ब्रेक पंधरा वर्षं कोणत्याही अधिकाऱ्याने बघितले नाहीत, तरी नोंदणीच्या कागदात काही खोट निघत नाही.

खरी अडचण परमिटच्या प्रकारात आहे. काळी-पिवळीला परमिट मिळतं ते एका गिऱ्हाइकाने पूर्ण गाडी ठरवून न्यायचं. फाट्याफाट्यावर थांबून सुटे प्रवासी घ्यायचा अधिकार फक्त टप्पा वाहतुकीचा, आणि तो महाराष्ट्रात मुख्यतः एसटीकडे राखलेला आहे. त्यामुळे परमिट घेतलेला प्रामाणिक जीपवालासुद्धा सकाळी पहिल्या फाट्यावर प्रवासी घेतला की नियम मोडतो. परमिट असून गुन्हा आणि नसूनही गुन्हा, तर पिवळी पाटी घेऊन जास्तीचा कर आणि जास्तीचा विमा कोण भरणार? विनापरमिट वाहतुकीला 2019 पासून दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. जादा बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे दोनशे रुपये. तपासणी मोहीम निघाली की दोन दिवस जीप गायब होतात आणि भाळवणी, कान्हूर पठार, अळकुटीकडची माणसं फाट्यावर ताटकळतात. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

लग्नसराईत तर याहून वाईट. मालवाहू टेम्पोत सतरंज्या टाकून वऱ्हाड निघतं. मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनीने देण्याचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गावात हे किती जणांना माहीत असेल? मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी लहानपणी अशा डझनभर टेम्पोंत बसलो आहे.

जीपला सुटे प्रवासी घेण्याचा परवाना द्या म्हटलं की पहिला आक्षेप एसटीवाल्यांचा, आणि तो मी मनापासून मानतो. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली. आमच्या तालुक्यातलं सुपा त्याच रस्त्यावर आहे. 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि बायकांना निम्मं तिकीट, हे फक्त एसटीच देऊ शकते. एसटी जिथे वेळेवर येते तिथे आई जीपकडे बघतही नाही. म्हणून माझी मागणी एसटीच्या चालू मार्गांवर जीपला मोकळं रान द्यायची नाही. पण 2021-22 च्या संपात महिनोन्महिने एसटी बंद होती, तेव्हा सरकारनेच खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. गरज पडली की चालते ती जीप एरवी बेकायदा का? जिथे दिवसातून दोनच फेऱ्या येतात, त्या वाडीवस्तीला हा प्रश्न रोजचा आहे.

दुसरा आक्षेप हप्तेखोरीचा. परवाना स्थानिक लोकांच्या हातात दिला की पुढाऱ्यांची माणसं स्टँड वाटून घेतील, असं भाऊ म्हणतो. तो तिथे राहतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण आज स्टँडवर कोणाचा नंबर आधी लागायचा हे ठरतं ते कुठल्या कागदावर? कुठल्याच नाही. जे लिहिलेलं नाही त्याचा हिशेब कोणाला विचारता येत नाही. परवाना देण्याचं काम आरटीओ आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या परिवहन प्राधिकरणाकडेच राहू द्या. नगरपंचायतीने फक्त स्टँड आणि फलक सांभाळावा. फलकावर गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव आणि बिल्ला, पासिंग आणि विम्याची मुदत, सीट किती, भाडं किती, आणि तक्रार कुठे करायची, एवढं लिहिलेलं असावं.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. गाड्या कुठे थांबाव्यात हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवण्याची तरतूद कलम 117 मध्ये आहे. आणि 2019 च्या दुरुस्तीने कलम 67 मध्ये राज्य सरकारला प्रवासी वाहतुकीच्या खास योजना आखून त्याखाली परवाने देण्याचा अधिकार दिला आहे. त्याच्या उद्देशांत ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्यापर्यंतची जोडणी हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. एसटी न पोचणाऱ्या रस्त्यांची यादी करून तिथल्या जीपना सुटे प्रवासी घेण्याचा रीतसर परवाना द्यायला या कलमात वाट आहे. पांढरी पाटी पिवळी करून घ्यायला सहा महिन्यांची मुदत आणि पहिल्या वर्षी करात सवलत दिली, तर निम्म्याहून जास्त जीपवाले स्वतःहून येतील, असं मला वाटतं. त्यांनाही पोलीस दिसल्यावर आडरस्त्याला गाडी घालायची हौस नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळात नगर जिल्ह्यातली बरीच कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाचं कोणी ना कोणी अशा जीपमध्ये बसतं. आपण दरवर्षी गावाकडच्या शाळांना संगणक पाठवतो, ते चांगलंच आहे. यंदा आणखी एक काम करू. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराची चळवळ ज्या राळेगणसिद्धीने उभी केली, ते आपल्या पारनेर तालुक्यातलंच गाव. तोच अधिकार वापरून नगरच्या आरटीओला विचारू की पारनेर तालुक्यात चालू असलेली मॅक्सीकॅब परमिट किती, त्यांतल्या किती गाड्यांचं पासिंग संपलं आहे, आणि गेल्या तीन वर्षांत पांढऱ्या पाटीच्या किती गाड्यांवर कारवाई झाली. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस. भारताचा पासपोर्ट असेल त्यांनी स्वतः अर्ज करावा, बाकीच्यांनी भावाबहिणीच्या नावाने. उत्तर आलं की ते 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला माझा भाऊ तयार आहे. अर्जाचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत माझ्याकडून घ्यावा.