वॉकीटॉकी पुन्हा वाजायला हवा

कोरियन मालिका म्हटली की आमच्याकडे अजून पावसात छत्री धरणारा नायक आणि रडवेली नायिका एवढेच डोळ्यांसमोर येते. तसे वाटणाऱ्यांनी एकदा ‘सिग्नल’ पाहावी. टीव्हीएन वाहिनीवर जानेवारी ते मार्च २०१६ या काळात तिचे १६ भाग झाले. फक्त सोळा! (आमच्या मालिकांत सोळा भागांत साखरपुडासुद्धा उरकत नाही.) आणि तब्बल दहा वर्षांनी, २०२६ साठी, तिचे दुसरे पर्व ठरले. त्यावरून जे महाभारत झाले त्याबद्दल थोडे लिहायचे आहे.

लेखिका किम उन-ही. कथेत २०१५ सालातल्या एका तरुण पोलिसाला टाकून दिलेला वॉकीटॉकी सापडतो. त्यात बॅटरीच नाही, तरी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी तो खरखरू लागतो आणि पलीकडून बोलतो तो भूतकाळातला एक पोलीस, ली जे-हान. दोघे मिळून न सुटलेले गुन्हे सोडवू पाहतात. कल्पना भन्नाटच, पण नुसत्या कल्पनेवर सोळा भाग निघत नाहीत. मालिकेचा पाया आहे तो कोरियातल्या खऱ्या गुन्ह्यांचा.

त्यातला सर्वांत गाजलेला ह्वासोंगचा. १९८६ ते १९९१ या काळात त्या भागात दहा स्त्रियांचे खून झाले. याच प्रकरणावर बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ काढला होता. कोरियात तेव्हा खुनाच्या खटल्याला १५ वर्षांची मुदत होती. पंधरा वर्षे लपून राहिलात की सुटलात! ह्वासोंगच्या शेवटच्या खुनाची मुदत २००६ मध्ये संपली. २००७ मध्ये मुदत २५ वर्षांवर नेली आणि जुलै २०१५ मध्ये ती पार काढून टाकली. त्यासाठी लोकांना पेटवले ते १९९९ मध्ये तेगू शहरात ॲसिड हल्ल्यात गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाने. आणि दैवाचा खेळ पाहा, त्याच्या स्वतःच्या प्रकरणाची मुदत आधीच संपली होती, त्यामुळे नवा कायदा त्याला लागूच झाला नाही.

हे माहीत असले की ‘सिग्नल’मधले पहिले प्रकरण अंगावर येते. गुन्हेगार बाई पोलिसांच्या समोर बसलेली आहे आणि भिंतीवरचे घड्याळ बाराकडे सरकते आहे. आपल्याकडे खुनाला अशी मुदत नाही. म्हणूनच असेल, २०२४ मध्ये झी फाइव्हवर आलेली हिंदी आवृत्ती ‘ग्यारह ग्यारह’ मला बेताचीच वाटली. त्या घड्याळामागे आपल्या कायद्याची टिकटिक नाही.

तर मुद्दा असा की दुसरे पर्व हवेच कशाला? गाजलेल्या मालिकेला शेपूट जोडणे हा धंदाच असतो, हे मला ठाऊक आहे. पण इथे कारण आहे. पहिले पर्व संपल्यावर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, डीएनएवरून ह्वासोंगचा खुनी सापडला. १९९४ मध्ये मेहुणीचा खून केल्याबद्दल तो आधीपासून तुरुंगातच होता! मुदत संपलेली, त्यामुळे ह्वासोंगबद्दल खटला नाही. त्यांतल्याच एका खुनाबद्दल एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. तो डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष सुटला. वास्तव कथेच्या पुढे निघून गेले. लेखिकेला यावर काही म्हणायचे असेल, तर ते ऐकायला मला आवडेल.

चित्रीकरण २०२५ मध्ये पार पडले, आणि डिसेंबरमध्ये ली जे-हानची भूमिका करणाऱ्या चो जिन-उंगचे जुने प्रकरण बाहेर आले. अल्पवयात त्याच्या हातून गैरकृत्ये घडल्याचे त्याच्या एजन्सीने मान्य केले, लैंगिक अत्याचाराशी संबंध मात्र नाकारला. लगोलग त्याने अभिनय सोडल्याचे जाहीर केले. मग सुरू झाले, मालिका दाखवूच नका.

गुन्ह्याला मुदत नसते हे ज्या मालिकेने शिकवले, तिच्याच नायकाला लोक तो न्याय लावू लागले. वरवर बरोबर दिसते. मला मात्र या दोन गोष्टी एक वाटत नाहीत. ह्वासोंगचा खुनी त्या खुनांच्या निवाड्यातून निसटला होता. अल्पवयीन मुलाला बाल न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा त्याच्या पुढील आयुष्यावर परिणाम होऊ नये, असे कोरियाचाच कायदा सांगतो. अर्थात, तेव्हा ज्यांनी सोसले त्यांच्यापुढे हे कलम वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. त्याने निवृत्ती घेतली, ठीक आहे. त्याला टाळ्या वाजवा असेही मी म्हणत नाही.

पण त्यासाठी शेकडो माणसांचे काम कपाटात बंद करणे, किंवा कात्री लावून त्याला कापून काढणे, मला मान्य नाही. ली जे-हानला काढले तर वॉकीटॉकीवर पलीकडून बोलणार कोण? पहिल्या पर्वाच्या शेवटी तो समुद्राकाठच्या एका इस्पितळात होता, आणि बाकीचे दोघे गाडी काढून त्याच्याकडे निघाले होते. ते पोचल्यावर काय झाले, हे मला पाहायचे आहे.