स्प्लेंडरला प्लग लावू का?

गोल्फ कार्ट चालवलीय कुणी? हात वर करा! बघा, एकही हात नाही. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून डोंबिवली गाठणाऱ्यांचा आणि गोल्फचा संबंध तसा टीव्हीपुरताच. पण परदेशातली हौशी मंडळी जुनी पेट्रोलची कार्ट स्वस्तात घेतात, इंजिन काढतात, मोटर-बॅटरी बसवतात आणि आवाज न करता फिरतात. आपल्याकडे या कार्टची चुलत बहीण माथेरानला भेटते. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षांना पर्याय म्हणून, सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली.

ठीक आहे बॉस, पण आपल्या बिल्डिंगखाली कार्ट नसते. तिथे असते बाबांची जुनी स्प्लेंडर! आणि तिचं किट चक्क आपल्या ठाण्यातलं आहे. 'गोगोएवन' या ठाण्याच्या कंपनीने २०२१ मध्ये स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य कन्व्हर्जन किट बाजारात आणलं. तेव्हाची किंमत ३५ हजार. सॉलिड ना? आता बारीक अक्षरं वाचा. जीएसटी वेगळा, बॅटरी वेगळी. सगळं धरून आकडा ९५ हजारांच्या घरात. एका चार्जमध्ये १५१ किलोमीटर, हा कंपनीचा दावा.

काम ऐकायला सोपं आहे. इंजिन उतरतं, त्या जागी बॅटरी येते. मोटर मागच्या चाकातच असते, त्यामुळे क्लच, गिअर, चेन सगळे रिटायर. ॲक्सिलरेटर पिळला की मोटरला किती करंट सोडायचा हे कंट्रोलर ठरवतो. हॉर्न आणि हेडलाइटला १२ व्होल्ट लागतात, त्यासाठी छोटा कन्व्हर्टर. आणि बॅटरीवर चोवीस तास नजर ठेवणारा वॉचमन म्हणजे बीएमएस.

आता कॅल्क्युलेटर काढा. घर ते स्टेशन जाऊन-येऊन ८ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २०० किलोमीटर. लिटरला ६० चं ॲव्हरेज आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर खर्च ३५० रुपये. विजेवर किलोमीटरला ३० वॉट-तास धरले तर महिन्याला ६ युनिट. दहा रुपयांनी ६० रुपये. बचत २९०. म्हणजे ९५ हजार वसूल व्हायला २७ वर्षं! ऑइल आणि क्लच प्लेटचे पैसे वाचतील हे धरलं, तरी दहा वर्षांत काही वसूल होत नाही. तोपर्यंत बॅटरी थकलेली असेल ती वेगळीच.

पण कल्याणला राहणारा माझा चुलतभाऊ कुरिअरवाला आहे. रोजचे ६० किलोमीटर, महिन्याला १५००. पेट्रोल २६२५ रुपयांचं, वीज ४५० ची. त्याचे ९५ हजार साडेतीन वर्षांत जवळजवळ निघतात. गाडी तीच, किट तेच, उत्तर मात्र उलटं.

मग बजेट कमी करू, लोकल बॅटरी लावू? इथे थांबा, मंडळी. गाडीच्या रचनेत असा बदल करायचा तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त किट लागतं आणि आरसी बुकात नोंद लागते. इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर ॲक्सिडेंटनंतर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि कागदांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ही बॅटरी आपण घरात चार्ज करतो. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी डिसेंबरपासून केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. तेव्हा टेस्ट सर्टिफिकेट मागा, बॅटरीसोबतचाच चार्जर वापरा, आणि चार्जिंग दाराच्या वाटेत किंवा झोपायच्या खोलीत नको. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांशी पार्किंगमधल्या प्लगबद्दल आधीच बोला.

आणखी एक. मोटर नवी बसते, पण चासी, ब्रेक, बेअरिंग तेवढ्याच वयाचे राहतात. गंज लागलेल्या गाडीवर लाखभर रुपये लावणं म्हणजे पडक्या घराला इटालियन मार्बल.

बाबांना हा सगळा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "अरे, महिन्याला तीनशे वाचवायला माझ्या गाडीचं काळीज काढणार होतास?" आमची स्प्लेंडर पेट्रोलवरच राहतेय. भाऊ मात्र किटचं कोटेशन घेऊन बसलाय, आणि त्याचं बरोबर आहे.

तुमचं काय? या रविवारी गाडीचं मीटर वाचून ठेवा, महिन्याने पुन्हा वाचा. हजाराच्या पुढे आकडा असेल तर किटवाल्याला फोन लावा. दोनशेच्या आसपास असेल तर टायरमध्ये हवा नीट भरा, आणि वाचलेल्या लाखाची एफडी करा!