सभागृहाची सिद्धता

नवी विधानसभा भरावयाची म्हणजे सभासदांच्या आधी सचिवालयास जागावे लागते. २०२४ च्या २३ नोव्हेंबरास महाराष्ट्राचा निकाल लागला. ७ डिसेंबरास शपथविधी सुरू झाला. एवढ्या अवधीत २८८ सभासदांची आसनव्यवस्था, सहीचे पुस्तक, ईश्वरसाक्ष व गांभीर्यपूर्वक असे दोन्ही शपथनमुने ही सारी तयारी व्हावी लागते. पहिल्या दिवशी महाविकास आघाडीच्या बहुतेक सभासदांनी शपथ घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढेही तोच नमुना आला. १८७ व्या कलमाने विधिमंडळास स्वतंत्र सचिवालय दिले आहे, त्याचे मर्म आम्ही यातच पाहतो. तेथील अधिकारी सभागृहाचा सेवक, मंत्र्यांचा नव्हे.

सभासदांच्या तयारीचे काय? शपथेवाचून आसनावर बसणारास १९३ व्या कलमान्वये रोजी ५०० रुपये दंड आहे. विधेयक न वाचता हात वर करणारास मात्र काही नाही! हिशेब पाहिल्यावाचून वहीवर सही न करणाऱ्या भिवंडीकर व्यापाऱ्यास हे चमत्कारिकच वाटेल. भिवंडीच्या नावाचे तीन मतदारसंघ आहेत. तेथील तिन्ही सभासदांनी प्रत्येक अधिवेशनापूर्वी यंत्रमागवाले व कामगार यांच्याकडून वीजदराविषयीचे प्रश्न लेखी मागवावेत, आणि मिळालेली उत्तरे शहरात जाहीर लावावीत.