मोटर नंतर, चाक आधी

तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी जबलपुरात १९०४ पासून उभी आहे. भार अखेर चाकावरच येतो, हे या शहराला नव्याने सांगायला नको. तरी जुन्या सायकलला २५० वॉटची मोटर बसवताना लोक बॅटरीची दहादा चौकशी करतात आणि चाकं तीच ठेवतात. मोटर-बॅटरीचं वजन, त्यात ताशी २५ किलोमीटरचा सलग वेग. एका खड्ड्यात साध्या रिमला आऊट येतो आणि तार तुटते, ती बहुधा हबजवळच्या बाकावर. म्हणून मोटरचं चाक दुहेरी भिंतीच्या रिमचं, ३६ तारांचं घ्या. तारा नेहमीच्या २ मिलिमीटरपेक्षा जाड असू द्या. फोर्कमध्ये मावत असेल तर टायर दोन इंच रुंद घ्या आणि हवा त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरा. महिन्यातून एकदा तारा बोटाने छेडून बघा. एका बाजूच्या सगळ्या सारख्याच खणखणल्या पाहिजेत. एखादी बद्द वाजली, तर तिचा भार शेजारच्या तारा सोसताहेत असं समजा आणि त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा. त्या चाकावर आपल्या घरचं माणूस रोज कामाला जातं.