तिकडचे खेडे चालते, इकडचे का नाही?

कराडच्या कृष्णा किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला पाहुणेमंडळी हमखास विचारतात, ‘मग पुढे काय, अमेरिका की इंग्लंड?’ विचारण्यात कौतुक असते. तोच मुलगा खरोखर गेला की त्याच ओसरीवर ‘इथे शिकले आणि तिकडे पळाले’ असा शेराही मारला जातो.

पळणे म्हणावे इतके ते सोपे नाही. इंग्लंडमध्ये ‘प्लॅब’च्या दोन परीक्षा देऊन डॉक्टरला नोंदणी मिळते, पण कायमस्वरूपी कन्सल्टंट व्हायचे तर विशेषज्ञांच्या वेगळ्या नोंदवहीत नाव लागावे लागते. अमेरिकेत तर बहुतेक ठिकाणी इथली एमएस, एमडी पुरेशी धरत नाहीत. इथे दहा वर्षे शस्त्रक्रिया केलेला सर्जनही पंचविशीतल्या मुलांबरोबर पुन्हा रेसिडेन्सीला उभा राहतो.

ते संपल्यावरची गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. ‘जे-१’ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे १९९४ पासूनची ‘कॉनरॅड ३०’ योजना. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ काम करायचे. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा. हे भाग म्हणजे बऱ्याचदा मैलोन् मैल शेती आणि मधेच एखादे छोटे रुग्णालय. आपले डॉक्टर तिथे जातात आणि तीन वर्षे काढतात. इकडे मात्र एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेतून सुटका कशी होईल, याची चौकशी पदवी हातात पडण्याआधीच सुरू होते.

पगारातला फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळा फरक पगाराचा नाही. तिकडच्या आडगावात करार लेखी असतो, कामाचे स्वरूप आधी ठरलेले असते, आणि सर्जन रुजू होतो तेव्हा त्याच्या शेजारी भूल देणारा माणूस असतो. आपल्याकडे सर्जनची नेमणूक एका रुग्णालयात, भूलतज्ज्ञ दुसऱ्या तालुक्यात आणि रक्तसाठवणुकीचा फ्रीज तिसरीकडे, असे होऊ शकते. मग विशेषज्ञ असूनही तो सर्दी-खोकलाच तपासत बसतो. चार महिन्यांत हाताला गंज चढतो आणि पासपोर्टची आठवण होते.

केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. टक्केवारी वाचून अंगावर काटा येत नाही. ढेबेवाडीच्या खोऱ्यातून रात्री अडलेली बाळंतीण घेऊन निघालेल्या घरच्यांना विचारावे. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ आणि रक्त एवढे एकाच वेळी हाताशी लागते. यातले एक जरी नसले, तरी गाडी पुढच्या गावाला वळते. रक्तस्राव सुरू असेल तर तो रस्ता फार लांबचा ठरतो.

याच पट्ट्यात उलट दिशेनेही एक डॉक्टर आला होता. कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय उभे केले आणि १९२८ पर्यंत ते इथे राहिले. मिशनचे पाठबळ होते, श्रद्धा होती, हे खरेच. पण त्यांनी एकट्याने चाकू धरला नाही. १८९७ पासून वैद्यकीय शिक्षण सुरू करून इथलीच माणसे सहायक म्हणून तयार केली. त्या काळी मिरजेला जे सुचले, ते आजच्या नेमणुकांच्या फायलीत सापडत नाही.

बंधपत्राचा दंड वाढवून डॉक्टर थांबतील, ही समजूत सोडायला हवी. ज्याला जायचे आहे त्याने जावे; तिकडे शिकलेले इकडे परत आणता येईल अशी खुर्चीही ठेवावी. पैशाची कामे पुढच्या अर्थसंकल्पात पाहू. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची नावे एकाच रुग्णालयासमोर, एकाच यादीत लावायला मात्र वेगळा निधी लागत नाही.