भिंतीवर हूक, दारात आम्ही

दोस्तांनो, ठाण्यात कवितावाचन झालं. टाळ्या पडल्या. संयोजक म्हणाले, "तुमची कविता अंगावर येते हो!" मग अंगावर आलेली कविता झटकून ते आपापल्या गाड्यांतून घरी गेले. कवी रात्री झोपणार कुठे, हे एकानंही विचारलं नाही. माझी कल्याणची शेवटची लोकल चुकली होती. सकाळी सातला गोदीत हजेरी. मानधनाचं पाकीट खिशात होतं. म्हटलं, आज आपणही गादीवर झोपू.

तलावपाळीजवळ एक बुटीक हॉटेल आहे. बाहेर आइस्क्रीम, भुर्जीपाव, पोरापोरींचा कल्ला. आत मोजक्या खोल्या, पिवळा उजेड, भिंतभर वारली चित्रं. ज्या वारल्यांनी १९४५ साली याच ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, ते इथे वॉलपेपर झालेत. आणि शेजारी काचेच्या पेटीत लोखंडी हूक! पोत्यात रुतवून ओढायचा, आमचा. माझ्या आज्याच्या तळहातावर त्याचा घट्टा मरेपर्यंत होता. कंटेनर आले, हूक गेला, माणसं कंत्राटी झाली. हूक मात्र इथे परमनंट झालाय. त्याच्यावर स्वतंत्र दिवा सोडलाय.

आधार कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्यानं आडनाव वाचलं. पत्ता वाचला: सिद्धार्थनगर, कल्याण पूर्व. मग माझ्या चपलांकडे बघितलं. "लोकल आयडी चालत नाही, सर." आता शिव्या देत नाहीत. सर म्हणतात.

माझ्यामागे एक जोडपं होतं. डोंबिवलीचं. तीच गाडी चुकलेली. त्यांच्या कार्डावर नुसती नजर फिरवली आणि किल्ली हातात दिली. मी विचारलं, कल्याण लोकल, मग डोंबिवली काय लंडनात आहे? "मॅनेजमेंटचा नियम आहे." नियम लिहून द्या म्हटलं. तर म्हणतो, "रूम फुल्ल झाल्या."

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशांच्या सरायीत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन टोळकं दारात आलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र. दोघांनीही सबबी सांगितल्या. कोलंबियात शिकून आलेला माणूस बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट बघत राहिला. तेव्हा लाठी होती. आज संगणक आहे. दार तेच.

कायदा नाही असं नाही. १९२३ साली बोले ठरावानं मुंबई इलाख्यात पाणवठे आणि धर्मशाळा खुल्या केल्या. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ साली महाडला चालत जावं लागलं. संविधानाच्या पंधराव्या कलमात हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलाय. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा असं दार बंद करणाऱ्याला एक ते सहा महिने कैद सांगतो. पण 'रूम फुल्ल'ला जात चिकटलीय हे सिद्ध कोण करणार?

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, आडनाव बदल भावा, पत्ता बदल, झंझट संपते. खोटं कशाला बोलू? त्या काउंटरवर क्षणभर माझ्याही जिभेवर दुसरं आडनाव आलं होतं. हाकललं याची शरम मला नाही, ती त्यांची. माझी शरम ही.

काही म्हणतील, लोकांना छप्पर नाही आणि तू गादीसाठी रडतोस. अरे, गादी गेली चुलीत! रात्र मी ठाणे स्टेशनच्या बाकड्यावर काढली, सातला हजेरी लावली. प्रश्न इतकाच आहे: आमची चित्रं, आमची हत्यारं, आमची कविता या प्रस्थापितांना भिंतीवर चालते, मग आम्ही आत का चालत नाही?

म्हणून एकट्यानं जायचं नाही. मी जातोय पुन्हा. एकानं सिद्धार्थनगरचं कार्ड दाखवायचं, लगेच दुसऱ्यानं नौपाड्याचं. दोघांना काय उत्तर मिळतं ते वेळ घालून टिपायचं, साक्षीदार ठेवायचे, नकार लेखी मागायचा. नाही दिला तर तिथूनच पोलीस चौकी. आडनाव मोठ्यानं, पूर्ण सांगायचं.

कोण कोण येतंय? जय भीम!